समुद्रात गेलेल्या कासवाचा माग

रानात वाघ कोणत्या वाटेने गेला हे त्याच्या पावलांच्या ठशांवरून सांगता येते. शेतातल्या चिखलात रानडुकराचा माग सहज दिसतो. समुद्रावर मात्र पाऊल उमटत नाही. एखादा प्राणी लाटेखाली गेला की तो कोणत्या दिशेला वळला, किती लांब गेला, आणि मुख्य म्हणजे तो जिवंत आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

हा प्रश्न जुना आहे. उत्तरेकडील थंड प्रदेशांत सॅमन नावाचा मासा नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, बोटाएवढा असताना समुद्रात जातो आणि काही वर्षांनी अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्माच्याच नदीत परत येतो. समुद्रात गेलेल्यांपैकी फार थोडे परततात. बाकीचे कुठे मेले? नदीच्या मुखाशी, की दूर खोल समुद्रात? याचे उत्तर मिळाल्याशिवाय त्यांना वाचवायचे कसे, हे ठरवता येत नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही असाच एक प्रवासी येतो. तो म्हणजे ऑलिव्ह रिडले जातीचे सागरी कासव. खानदेशातून समुद्र दिसत नाही. तापीचे पाणी तिकडे जाते, एवढाच आपला संबंध. तरीही या कासवाचा माग काढण्याची युक्ती समजायला धुळ्या-जळगावच्या विद्यार्थ्याला समुद्रावर जाण्याची गरज नाही. रेल्वेचा फलाट आणि डबाभर मक्याचे दाणे एवढ्यावर काम भागते. कसे ते पाहू.

कोकणातील सात कासवे

ऑलिव्ह रिडलेची मादी साधारणपणे ३५ ते ४५ किलो वजनाची असते. ती रात्री वाळूवर येते, खड्डा करून त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात व लाटांकडे धावतात. हजार पिल्लांतून एखादेच मोठे होऊन अंडी घालण्याच्या वयापर्यंत पोचते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणून मोठ्या झालेल्या प्रत्येक मादीचे मोल फार.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ साली ग्रामस्थांच्या मदतीने या कासवांची घरटी राखण्यास सुरुवात केली. पुढे वनखाते आणि किनाऱ्यावरची इतर गावेही या कामात उतरली. घरट्यांची राखण करणाऱ्या गावकऱ्यांना तेथे ‘कासवमित्र’ म्हणतात. अंडी सुरक्षित राहू लागली. पण अंडी घालून माघारी गेलेली मादी कुठे जाते, हे कोणालाच माहीत नव्हते.

जानेवारी २०२२ मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष, मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी वेळास येथे एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे यंत्र बसवले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेवर असा प्रयोग प्रथमच होत होता, म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’. तिच्यामागून सावनी, रेवा, वनश्री आणि लक्ष्मी यांनाही यंत्रे बसली. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागर येथे ‘गुहा’ आणि ‘बागेश्री’ या आणखी दोघींची भर पडली.

प्रथमा उत्तरेकडे गुजरातच्या बाजूला गेली. गुहा दक्षिणेला लक्षद्वीपच्या दिशेने गेली. बागेश्रीने तर कमालच केली. केरळचा किनारा मागे टाकून, श्रीलंकेला वळसा घालून ती त्याच वर्षी बंगालच्या उपसागरात शिरली. एकाच किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या माद्या अशा वेगवेगळ्या दिशांना पांगतात, हे या यंत्रांमुळे कळले.

खाऱ्या पाण्यातील अडचण

हे यंत्र म्हणजे एक छोटा रेडिओ-प्रक्षेपक. तो कासवाच्या पाठीच्या कवचावर पक्क्या डिंकासारख्या रसायनाने चिकटवतात. तो सुमारे ४०१.६५ मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी सोडतो.

पण येथे एक अडचण येते. समुद्राचे पाणी खारट असल्याने विजेचे वाहक आहे. रेडिओ-लहर अशा पाण्यात शिरली की पाण्यातील आयन हलू लागतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेच्या रूपात खर्च होते. या वारंवारतेची लहर काही सेंटिमीटर खोलीतच जवळजवळ संपून जाते. पाण्याखालच्या कासवाने कितीही संदेश पाठवले, तरी ते उपग्रहापर्यंत पोचणार नाहीत.

सॅमनच्या बाबतीत हीच अडचण मोठी आहे, कारण मासा श्वास घेण्यासाठी वर येत नाही. म्हणून समुद्रातील सॅमनच्या अंगात ध्वनिलहरी सोडणारे छोटे यंत्र ठेवतात आणि पाण्यात ठिकठिकाणी ध्वनिग्राहक बसवतात. ध्वनी पाण्यात उत्तम चालतो. मात्र जेथे ग्राहक आहे त्याच्या जवळून मासा गेला तरच त्याची नोंद होते.

कासवाला फुप्फुसे असतात. त्याला हवेसाठी वर यावेच लागते. तेवढ्या थोड्या वेळात संदेश निघाला पाहिजे. यंत्राला कसे कळावे की आपण पाण्याबाहेर आलो? त्यासाठी यंत्रावर धातूची दोन टोके उघडी ठेवलेली असतात. दोन्ही पाण्यात असली की खाऱ्या पाण्यातून वीज वाहते आणि यंत्र गप्प राहते. वर येताच मंडल तुटते आणि यंत्र बोलू लागते. ज्या खारटपणाने अडचण केली, त्याचाच असा उपयोग करून घेतला आहे, आणि त्यामुळे विजेरीचीही बचत होते.

गाडीची शिट्टी आणि उपग्रह

आता मुख्य प्रश्न. उपग्रहाला संदेश मिळाला, पण तो नेमका कोठून आला हे कसे कळले?

म्हसावद किंवा माहेजीसारख्या लहान स्थानकाच्या फलाटावर तुम्ही उभे आहात अशी कल्पना करा. एक जलद गाडी न थांबता, शिट्टी वाजवत निघून जाते. गाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढा लागतो आणि पुढे निघून जाताच तो एकदम उतरतो. गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर, आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरू. शिट्टीची मूळ वारंवारता ५०० हर्ट्झ असेल, तर गाडी येताना ती ५०० × ३४० ÷ (३४० − २५) म्हणजे सुमारे ५४० हर्ट्झ ऐकू येईल, आणि जाताना ५०० × ३४० ÷ (३४० + २५) म्हणजे सुमारे ४६६ हर्ट्झ.

हा डॉप्लर परिणाम. ख्रिस्टियन डॉप्लर या शास्त्रज्ञाने तो १८४२ साली मांडला. १८४५ साली बॉइस बॅलट यांनी हॉलंडमध्ये आगगाडीवर तुतारी वाजवणारे बसवून आणि रुळांशेजारी सुरांचे जाणकार उभे करून त्याची परीक्षाही घेतली होती.

आता डोळे मिटून फक्त शिट्टी ऐका. सूर उतरतो त्या क्षणी गाडी तुमच्या अगदी समोर असते. तुम्ही फलाटाच्या कडेला असाल तर सूर झटकन उतरेल. तुम्ही रुळांपासून अर्धा किलोमीटर दूर शेतात असाल, तर तो सावकाश, लांबत लांबत उतरेल. म्हणजे केवळ कानावरून दोन गोष्टी कळल्या: गाडी समोर केव्हा आली आणि ती किती अंतरावरून गेली.

कासवाच्या बाबतीत शिट्टी कासवाजवळ आहे आणि धावणारा श्रोता आकाशात आहे, एवढाच फरक. ‘आर्गोस’ नावाची ही पद्धत फ्रान्स आणि अमेरिका यांनी १९७८ पासून सुरू केली. तिचे उपग्रह सुमारे ८५० किलोमीटर उंचीवरून दोन्ही ध्रुवांवरून फिरतात आणि साधारण १०० मिनिटांत पृथ्वीची एक फेरी करतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ७.४ किलोमीटर असतो. धुळे ते जळगाव एवढे अंतर असा उपग्रह बारा-तेरा सेकंदांत कापील! एका ठिकाणाहून तो एका फेरीत फार तर दहा-पंधरा मिनिटे ‘दिसतो’.

उपग्रह क्षितिजावर असताना त्याच्या वेगाचा जो भाग कासवाच्या दिशेने असतो, तो सेकंदाला साडेसहा किलोमीटरच्या आसपास येतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. म्हणून वारंवारतेतील फरक ४०१.६५ मेगाहर्ट्झ × ६.५ ÷ ३,००,००० म्हणजे जवळजवळ ९ किलोहर्ट्झ होतो. मूळ वारंवारतेच्या सुमारे ४५ हजारांव्या हिश्शाएवढा हा फरक! तो अचूक मोजायचा तर प्रक्षेपकाची स्वतःची वारंवारता तेवढा वेळ अगदी स्थिर राहिली पाहिजे. या यंत्राच्या कारागिरीतला कठीण भाग हाच.

एका फेरीत चार-पाच संदेश हाती आले की वारंवारता कशी उतरली याची वक्ररेषा काढता येते. तिच्यावरून कासवाचे स्थान मिळते. कासव पुरेसा वेळ वर राहिले आणि संदेश चांगले मिळाले, तर स्थानातील चूक २५० मीटरांहूनही कमी असते. एक-दोनच संदेश मिळाले, तर ती काही किलोमीटरही असू शकते. नकाशावर कासवाचा मार्ग रेघेने काढलेला दिसला, तरी प्रत्येक बिंदू सारखा विश्वासाचा नसतो, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक गंमत. गाडी किती अंतरावरून गेली हे शिट्टीवरून कळले. पण रुळांच्या डाव्या बाजूला आपण आहोत की उजव्या, हे कळत नाही. दोन्हीकडे सूर सारखाच उतरतो. तसेच उपग्रहाच्या मार्गाच्या दोन बाजूंना दोन उत्तरे मिळतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने दोन्हींत थोडा फरक पडतो, त्यावरून आणि कासवाच्या आदल्या स्थानावरून खरे उत्तर निवडतात. एक उत्तर जमिनीवर आले, तर काम सोपेच. कासव काही सातपुड्यात हिंडत नाही!

संदेश थांबले, म्हणजे काय झाले?

कोकणातील त्या सात कासवांपैकी लक्ष्मीचे संदेश लवकरच थांबले. पुढे काही महिन्यांत बाकीच्यांचेही थांबले. मग ती मेली असे म्हणायचे का?

घाई करू नका. संदेश थांबण्याची कारणे अनेक आहेत. विजेरी संपते. खडकावर घासून एरियल तुटते. धातूच्या त्या दोन टोकांवर समुद्रातील बारीक जीव वाढले, तर यंत्राला आपण सतत पाण्यातच आहोत असे वाटते. चिकटवलेले यंत्र गळून पडते. आणि हो, कासव मासेमारीच्या जाळ्यात सापडून गुदमरून मेलेले असू शकते. जाळे ओढत नेणाऱ्या ट्रॉलरमध्ये अडकलेल्या कासवाला श्वासासाठी वर येता येत नाही. यासाठीच जाळ्यात कासवाला बाहेर पडायला झडप ठेवण्याची युक्ती निघाली आहे.

शेवटच्या संदेशांवरून कधी कधी तर्क करता येतो. यंत्र एकाएकी सतत ‘कोरडे’ असल्याचे सांगू लागले आणि त्याचे स्थान सरळ एखाद्या बंदराकडे सरकले, तर शंका घ्यायला जागा आहे. पण नुसत्या मौनाचा अर्थ ‘माहीत नाही’ एवढाच. प्रक्षेपक मार्ग सांगतो, आयुष्य सांगत नाही.

धातूचा साधा बिल्ला

आयुष्याचा हिशेब ठेवायला एक फार साधी वस्तू उपयोगी पडते. कासवाच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायावर क्रमांक असलेला धातूचा बिल्ला बसवायचा. त्याला ना विजेरी लागते, ना उपग्रह. तो स्वतः काहीच बोलत नाही. कोणीतरी तो वाचावा लागतो.

भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ओडिशातील गहिरमाथा येथे मार्च २०२१ मध्ये एका मादीला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावला. गहिरमाथ्याला एकाच हंगामात लाखो कासवे अंडी घालायला येतात. त्या गर्दीतील ही एक. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी अंडी घालताना सापडली, आणि तीही आपल्या गुहागरच्या वाळूवर! पूर्व किनाऱ्यावर नोंदलेले कासव पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालते, याचा असा पुरावा त्यापूर्वी मिळाला नव्हता.

गहिरमाथा ते गुहागर हे समुद्रमार्गाने अंतर सुमारे ३५०० किलोमीटर सांगितले जाते. येथे तुमच्या पाठ्यपुस्तकातील विस्थापन आणि कापलेले अंतर यांतील भेद आठवा. बिल्ला दोनच बिंदू देतो. मधल्या तीन वर्षे दहा महिन्यांत ती मादी किती फिरली, श्रीलंकेला वळसा घालून आली की पाम्बनच्या उथळ पाण्यातून, सरळ आली की चार ठिकाणी थांबत, हे बिल्ला सांगू शकत नाही. ३५०० किलोमीटर हा केवळ अंदाज, प्रत्यक्ष कापलेले अंतर नव्हे.

आता बागेश्री आठवा. गुहागरहून निघून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात जाता येते, हे तिच्या प्रक्षेपकाने २०२३ साली दाखवलेच होते. प्रक्षेपकाने वाट दाखवली, पण ती मादी पुढे वर्षानुवर्षे जगली का, हे सांगितले नाही. बिल्ल्याने जगल्याचे सांगितले, पण वाट सांगितली नाही. दोन अपुरे पुरावे एकमेकांशेजारी ठेवले तेव्हा अर्थ लागला.

जगण्याचा हिशेब

समजा, एका किनाऱ्यावर पहिल्या वर्षी २०० माद्यांना बिल्ले लावले. दुसऱ्या वर्षी त्यांतील ४० दिसल्या. मग जगण्याचे प्रमाण २० टक्के झाले का? नाही. अनेक माद्या जिवंत असूनही आपल्या नजरेस पडल्या नसतील. किती, ते तिसरे वर्ष सांगते.

तिसऱ्या वर्षी मूळच्या २०० पैकी ४८ दिसल्या असे धरू, आणि या ४८ मधील १२ जणीच दुसऱ्या वर्षी दिसलेल्या होत्या. विचार करा: तिसऱ्या वर्षी जिवंत असलेल्या ४८ जणी दुसऱ्या वर्षीही जिवंत होत्याच. तरी त्यांतील १२, म्हणजे एकचतुर्थांश, आपल्याला दिसल्या. याचा अर्थ दुसऱ्या वर्षी जिवंत माद्यांपैकी चौथा हिस्साच नजरेस पडला. म्हणून दिसलेल्या ४० म्हणजे प्रत्यक्षात ४० × ४ = १६० जिवंत माद्या. जगण्याचे प्रमाण १६० ÷ २०० म्हणजे ८० टक्के!

हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण रीत खरी आहे. पक्षी, मासे, कासवे या सर्वांसाठी शास्त्रज्ञ याच विचाराची अधिक पक्की गणिते वापरतात.

या गणितात एक फट मात्र राहते. मादी मेलेली नाही, पण दुसऱ्याच किनाऱ्यावर जाऊ लागली तर? आपल्या वहीत ती कायमची गैरहजर, म्हणजे मेल्यासारखीच. ०३२३३ क्रमांकाच्या मादीचे नेमके तेच झाले असते. गुहागरला त्या रात्री कोणी हजर नसते, किंवा बिल्ला वाचून क्रमांक टिपला नसता, तर ओडिशाच्या वहीत एक जिवंत मादी हरवलेलीच राहिली असती. आणि असा चुकीचा हिशेब अनेकींच्या बाबतीत झाला, तर नको तेथे बंदोबस्त होतो आणि हवा तेथे राहून जातो. म्हणून एका किनाऱ्याचा हिशेब दुसऱ्या किनाऱ्यावरच्या माणसांवाचून पुरा होत नाही.

हे काम आपल्याकडेही करता येते. जळगाव जिल्ह्यात तापीवर हतनूरचे धरण आहे. तेथे हिवाळ्यात दूरदेशीची बदके व इतर पाणपक्षी उतरतात. अशा एखाद्या पक्ष्याच्या पायात कडे किंवा मानेत क्रमांकाचा पट्टा दिसला, तर रंग, अक्षरे, अंक, ठिकाण आणि तारीख टिपून घ्या आणि आपल्या शिक्षकांमार्फत वनखात्याला किंवा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. पक्ष्याच्या जवळ जाऊन त्याला त्रास मात्र देऊ नका. तुम्ही कळवलेला अंक कोणाच्या तरी वहीतला हरवलेला जीव असेल.

करून पाहा

१. दोन सेल, एक लाल एलईडी आणि तारा घेऊन मंडल जोडा. तारेची दोन उघडी टोके आधी गोड्या पाण्याच्या पेल्यात बुडवा. मग पाण्यात दोन-तीन चमचे मीठ विरघळवून पुन्हा बुडवा. केव्हा दिवा लागतो? टोके पाण्याबाहेर काढताच काय होते? कासवाच्या पाठीवरील यंत्राची कळ ती हीच.

२. डब्यात न मोजता मक्याचे दाणे भरा. त्यातील ५० दाणे काढून त्यांना शाई लावा, वाळवा आणि परत टाकून चांगले हलवा. आता न बघता ६० दाणे काढा. त्यांत १० शाईचे निघाले, तर डब्यात एकूण ५० × ६० ÷ १० = ३०० दाणे असावेत. आता सगळे मोजा. अंदाज किती चुकला? दाणे नीट न हलवता हाच प्रयोग केला तर काय होते, तेही पाहा.

विचार करा

१. उपग्रह कासवाच्या अगदी डोक्यावर असताना वारंवारतेतील फरक शून्य का होतो?

२. वरील उदाहरणात तिसऱ्या वर्षी दिसलेल्या ४८ पैकी २४ माद्या दुसऱ्या वर्षीही दिसल्या असत्या, तर जगण्याचे प्रमाण किती आले असते?

३. पाठीवर यंत्र असलेले कासव वर्षभर संदेश देत राहिले, पण त्याच्या पायावर बिल्ला नाही. विजेरी संपल्यावर त्याच्याविषयी आपल्याला काय कळू शकेल आणि काय कळू शकणार नाही?